बांधावरच्या सलग उड्या

उसाच्या ओल्या पाल्याचा वास आला की मला शहाद्याजवळचं आमचं शेत आठवतं. नवा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन मी धाकट्या बहिणीला बांधावर उभं केलं होतं. उडी मारताना ती नेमकी हवेत सापडावी म्हणून मी सलग फोटोंची सोय चालू केली; बटण दाबून धरलं की एका दमात सात फोटो निघायचे. ती उडाली. "फोटो चांगला उना का?" तिनं विचारलं. मी तिला आणखी दोनदा उडायला लावलं. वारा पडला होता, मागे उसाचं पानही हलत नव्हतं. घरी ओट्यावर वडील एकेक फोटो पुढे सरकवता सरकवता थांबले. "मांगे हाई काय शे?" बहिणीच्या पायांमागे, पानांत, दोन डोळे होते. पुढच्या फोटोत बिबट्याचं तोंड दिसलं, त्यापुढच्यात खांदेही. शेवटच्या फोटोत तो नव्हता. बहीण हळूच म्हणाली, "माले वाटनं, मांगे कोनी श्वास ली ऱ्हायनं. पन तू म्हने, आखो एक उडी मार." आज ती दोन मुलांची आई आहे. मुलांचे फोटो काढायला मला बोलावते, आणि मी प्रत्येकाचा एकच काढतो.