दुसऱ्यांदा वाजलेला फोन

गाडीवरचा पोचा बघून मिस्त्री सांगायचा, ठोकणाऱ्याचं लक्ष कुठे होतं. ब्रेक लागलाच नाही असं दिसलं की म्हणायचा, "हा फोनचा पोचा." तीस वर्षं पत्रे सरळ करणारा माणूस, त्याच्याशी कोण हुज्जत घालणार? गिऱ्हाईक गुपचूप मान खाली घालायचं.

म्हणून लेकीला लायसन्स मिळालं त्याच दिवशी त्याने तिच्या फोनवर एक ॲप टाकून घेतलं. गाडी सुरू झाली की फोन मुका. कोणी फोन केला तर त्याला आपोआप निरोप जायचा, 'गाडी चालवते आहे.' सूट एकच. बाबांच्या नंबरवरून लागोपाठ दोनदा फोन आला, तर दुसऱ्यांदा वाजणार. ही सूट बायकोच्या हृदयासाठी. दोनदा मरणाच्या दारातून परत आली होती बिचारी. "दुसऱ्यांदा वाजला तर आईचं काहीतरी आहे समज," त्याने लेकीला बजावलं, "आणि गाडी बाजूला घेऊनच उचल."

नियम झकास होता हो. पण नियम करणाऱ्याचा जीव थाऱ्यावर नको? लेक बाहेर पडली की याच्या हातातला हातोडा थांबायचा. फोन लावायचा, निरोप यायचा. शहाण्या बापाला तेवढं पुरलं असतं. हा लगेच पुन्हा लावायचा. "कुठवर आलीस?" एवढंच विचारायचं असायचं.

बुधवारी दुपारी लेक गाडी घेऊन थेट गॅरेजातच आली. डावा दरवाजा आत गेलेला, आरसा लोंबकळत होता. मिस्त्रीने आधी तिला नखशिखांत न्याहाळलं. खरचटलंही नव्हतं. मग दरवाज्यावरून हात फिरवला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ब्रेक लावलाच नाहीस. फोनचा पोचा आहे हा. लाज नाही वाटत? मी फोन केला तर तोही उचलला नाहीस."

लेकीने फोन त्याच्यापुढे धरला. ॲपने सगळं टिपून ठेवलं होतं. बाबा, बारा दहा. बाबा, बारा अकरा. त्याखाली लाल अक्षरांत, जोराचा धक्का, बारा अकरा.

"दुसऱ्यांदा वाजला की दर वेळी वाटतं, आई गेली," ती म्हणाली. "गाडी बाजूलाच घेत होते, बाबा. डोळे फोनकडे गेले. एक आजोबा सायकलवर मध्ये आले. ते वाचले, मी खांबावर गेले. काय काम होतं तुमचं?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. लोंबकळणारा आरसा त्याने उगाच सरळ धरून पाहिला. "माझा नंबर काढून टाक त्यातून."

"आणि आईला खरंच काही झालं तर?"

नंबर तसाच राहिला.

दोन दिवसांनी दरवाजा सरळ झाला आणि लेक पुन्हा गाडी घेऊन गेली. मिस्त्रीने एकदा फोन लावला. 'गाडी चालवते आहे.' अंगठा पुन्हा तिथेच गेला. त्याने फोन पान्यांच्या पेटीत टाकला आणि कुलूप घातलं. हातोडा उचलला, आणि आठवलं, घरी बायको एकटी आहे. तिला काही झालं तर ती आधी आपल्यालाच फोन करणार. त्याने कुलूप काढलं, फोन समोरच्या बोनेटवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिला.