मधल्या रेषेवरची काशीआत्या

उन्नती भोईरला पोटापाण्याचं काम जीन्सवाल्यांनी दिलं आणि डोक्याला तापही त्यांनीच दिला. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या दुकानांच्या भिंती ती रंगवते. प्रत्येकाला हवा तोच अमेरिकन बास्केटबॉलवाला. हवेत उडालेला, भोवती लाल-निळे शिंतोडे, मागे उंचच उंच इमारती. मालकानं जन्मात बास्केटबॉलला हात लावलेला नसतो, पण जीन्स अमेरिकेची म्हणून भिंतही अमेरिकेची. आणि गिऱ्हाइकं तिथंच सेल्फी काढतात, आता बोला.

ते रंगांचे बेधडक फटकारे उन्नतीलाही आवडायचे, हे खरं. फक्त एकदा तिला त्यांत काशीआत्या काढायची होती. मांजर्लीच्या बायकांच्या कबड्डी संघातली आत्या चढाईला निघाली की समोरच्या पोरींची गाळण उडायची. पण फोटोवाले यायचे ते पुरुषांच्या सामन्यांना. आत्याचा खेळतानाचा एकही फोटो नाही.

जीन्सवाल्या हरेशशेठनं नव्या दुकानाची मागची भिंत दिली आणि म्हणाला, "तेरी मर्जी." उन्नतीनं जीव ओतला. चढाईआधी आत्या वाकून मधल्या रेषेला हात लावायची, मग तो कपाळाला. नेमका तो क्षण तिनं धरला. खाली गेलेला हात, कमरेला खोचलेली ओढणी, मातीचे तांबडे फटकारे. 'तुझं चित्र काढलंय' असं सांगून उद्घाटनाला यायचं आमंत्रणही आत्याला देऊन टाकलं.

आदल्या दिवशी शेठ आला. "मस्त है. पर बॉल किधर है?"

"शेठ, ही कबड्डी आहे."

"कबड्डी देख के जीन्स कौन लेगा? हात तो नीचे है ही. बॉल दे दे."

उन्नती भांडली, तणतणली. शेठनं शांतपणे दुसऱ्या पेंटरला फोन लावला. आत्याच्या तोंडावर परक्याचा ब्रश फिरण्यापेक्षा आपला बरा, म्हणून तिनं दातओठ खात हाताखाली बॉल काढला. मग ओढणी गेली, अंगावर बनियन आणि नंबर आला. केस पिवळे झाले, चेहरा गोरा झाला. मागे इमारती उभ्या राहिल्या.

उद्घाटनाला आत्या ठेवणीतली साडी नेसून आली. तिनं चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"झकास काढलीस गो. पार टीव्हीतली वाटते," ती म्हणाली. मग दुकानभर नजर फिरवून तिनं हळूच विचारलं, "आणि माझं चित्र कुठं हाय?"

उन्नतीची मान वर होईना.

"शेठनं भिंतच दिली नाही, आत्या," ती म्हणाली.