हद्दीपलीकडची दवंडी

सांगोल्याकडच्या धोंडीराम वाघमोडेची मेंढरे एका दुष्काळात मेली आणि तो सोलापुरात येऊन नगरपालिकेचा दवंडीवाला झाला. ढोल वाजवायचा हात घरचाच होता. कचेरीने त्याला डफ दिला, बिल्ल्याचा पट्टा दिला आणि पेठा नेमून दिल्या. सन एकोणीसशे अठ्ठावीसपर्यंत त्याची तिथे सतरा वर्षे झाली होती.

पेठा त्याला नकाशावरून कळल्या नव्हत्या. मंगळवार पेठेत डफ वाजला की दुकानदार मान वर न करता विचारत, "पट्टी वाढली का?" नाही म्हटले की पुन्हा तराजूकडे वळत. साखर पेठेत मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नसे. पण एका विणकराने ऐकले की तो शेजारच्या चार घरांत तेलुगूत सांगून येई. सिद्धेश्वर पेठेत म्हातारे मियाँ त्याला ओट्यावर बसवून हुकूम दोनदा वदवून घेत. कसब्यात दवंडी संपायच्या आत कोणीतरी वकील कायद्याचे कलम काढी. मेंबर सगळ्याच पेठांना होते. कसब्याचा मेंबर चिठ्ठी पाठवी, साखर पेठेचा मेंबर पन्नास माणसे घेऊन कचेरीत येऊन बसे. कामे दोघांचीही होत, उशीर मात्र सारखा नसे.

धोंडीराम स्वतः यातल्या कुठल्याच पेठेत राहत नव्हता. त्याचे घर हद्दीच्या दगडापलीकडे, गिरणीकामगारांच्या बाभूळवस्तीत होते. तिथे घरपट्टी नव्हती, म्हणून नळ नव्हता, रस्त्यावर कंदील नव्हता, मेंबर नव्हता. दवंडीही नव्हती. ती जागा नगरपालिकेची नव्हे, तालुक्याच्या लोकल बोर्डाची. रोज दगडापाशी आला की धोंडीराम डफ काखेला मारी आणि नुसता माणूस होऊन घरी जाई.

त्या वर्षी वैशाखात शहरात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रोगी निघाले. ओढ्याकाठच्या विहिरी बंद, नळाचेच पाणी उकळून प्यावे, असा हुकूम आरोग्य खात्याचा कारकून एकनाथराव याने त्याच्या हाती दिला.

"रावसाहेब, आमच्या वस्तीची हीर बी त्याच ओढ्याकाठी हाय. तितं सांगू का?"

एकनाथराव माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "लोकल बोर्डाला आजच लिहितो. पण तू डफ घेऊन पलीकडे जाऊ नकोस. बिनहुकमाची दवंडी दिलीस तर पट्टा गेला समज."

संध्याकाळी धोंडीराम डफ घरी ठेवून विहिरीवर गेला. कट्ट्यावर वस्तीचा पंच कल्लप्पा बसला होता. तो अक्कलकोटकडचा, गिरणीत मुकादम.

"आण्णा, ह्या हिरीचं पानी पिऊ नगा. पटकी हाय."

"कोन म्हनतंय?"

"मी म्हनतोय की."

"तू? परवा तूच म्हनत हुतास, तुझ्या बोकडाला बघून लांडगा पळाला म्हनून!" कट्ट्यावरची माणसे हसली. "दवंडी कुटं हाय? साखर पेठेत दिलीस, हितं न्हाय दिलीस. मंजे हितलं पानी चांगलं. खरं का न्हाय?"

"तसं न्हाय, आण्णा..."

"मग वाजीव की डफ!" घागर शेंदत कल्लप्पाची बायको गौरम्मा म्हणाली. "लई गोड गळा हाय तुजा."

धोंडीराम परत आला आणि विहिरीवरचे बोलणे त्याने घरी सांगितले. बायकोने, मुक्ताबाईने, चुलीवर पाणी उकळायला ठेवलेच होते. ती एवढेच म्हणाली, "गौरम्मा म्हनत्यात तर वाजवा की."

"पट्टा जाईल."

 दुसऱ्या दिवशी त्याने चारही पेठांत दवंडी दिली आणि दगडापाशी डफ काखेला मारला.

तिसऱ्या दिवशी पहाटे कल्लप्पाची सून सुंदरम्मा हिला जुलाब सुरू झाले. दुपारी धोंडीराम जेवायला आला तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि घराघरांतून घागरी विहिरीकडे निघाल्या होत्या. त्याने पट्टा अंगावर तसाच ठेवला, डफ पुढे घेतला आणि वस्तीच्या मधोमध वाजवला.

"ऐका हो ऐका! हिरीचं पानी पिऊ नगा! जो पिईल त्याला पटकी होईल हो!"

कल्लप्पा घरातून धावत आला. "कुनाचा हुकूम हाय? आज दवंडी, उद्या घरपट्टी! आमाला हद्दीत घ्यायला बघतोस?"

सगळे थांबले. नगरपालिकेचे नाव घेतले असते तर बाकीच्यांनी तेवढ्यावर ऐकले असते. धोंडीरामच्या तोंडात ते आलेही होते.

"हुकूम न्हाय," तो ओरडून म्हणाला. "हुकूम दगडापाशी संपला. पटकीला दगड दिसला न्हाय, आण्णा. तुज्या घरात हाय ती."

 मग गौरम्मा सुनेच्या उशापासून उठून बाहेर आली. दारातली भरलेली घागर तिने उचलली आणि अंगणात पालथी केली. कल्लप्पाने ते पाहिले आणि तो आत सुनेपाशी गेला. मागोमाग बायकांनी आपापल्या घरातल्या घागरी रिकाम्या केल्या. तासाभरात विहिरीच्या तोंडावर बाभळीची काटेरी झुडपे येऊन पडली.

सुंदरम्मा दिवस मावळताना गेली.

वस्तीच्या बायका साखर पेठेच्या नळावर जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी विणकरांच्या बायकांनी तेलुगूत कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी आपली भांडी सरकवून जागा दिली. वस्तीत आणखी दोघे आजारी पडले, दोघेही उठले.

आठ दिवसांनी कचेरीत चौकशी झाली. आरोग्य खात्याच्या साहेबांनी कल्लप्पाला बोलावून विचारले, "याने आमच्या नावाने हुकूम दिला का?"

"न्हाय साहेब. हुकूम न्हाय म्हनून सगळ्यांदेखत वरडून सांगितलं त्यानं."

"मग धोंडीराम, हद्दीबाहेर डफ वाजवलास. चूक कबूल आहे?"

"व्हय साहेब," धोंडीराम म्हणाला. "दोन दिस आदी वाजवायला पायजे हुता."

 चौकशीचा कागद लिहिणाऱ्या एकनाथरावाने दौतीत टाक बुडवला आणि हे उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले.