चाळीस पावलं

बाबांचा मला राग येतो. माणूस देवमाणूस होता, पण येतो.

मोजणी कचेरीत तीस वर्षं त्यांनी हद्दीचे दगड रोवले. आधी खड्ड्यात कोळसा पुरायचा, मग वर दगड. दगड कोणीही हलवतो, पण पुरलेला कोळसा कुजत नाही की जागा सोडत नाही. आणि आमच्या जिल्ह्यात दगड हलायचेच. नदीकाठचे, डोंगरावरचे, सीमेपलीकडून येऊन राहिलेले, सगळे एकाच गल्लीत. भांडणं तीन भाषांत, नळावर रांग मात्र एकच! सीमा नकाशात होती. आम्ही ती ओलांडून दळण आणायला जायचो.

आत्यानं पलीकडच्या लोकांतल्या सुताराशी लग्न केलं, तेव्हा आजोबांनी आकाशपाताळ एक केलं. बाबांनी मात्र बहिणीची पेटी स्वतः उचलून तिच्या घरी पोचवली. तिच्या आणि आमच्या घरात चाळीस पावलं. सीमेचा दगड तिच्या परसामागे होता, कारण दोन्ही घरं एकाच बाजूला राहावीत म्हणून गल्लीनं मिळून तो कधीच तिथे सरकवला होता. बाबांनाही ते ठाऊक होतं.

मग सीमेची नवी मोजणी निघाली आणि दोन्हीकडचे साहेब आले. दगडाखाली खणलं, तर कोळसा नाही. आमचे साहेब म्हणाले, "हाच धरू या का? जुनं माणूस काय म्हणतं?"

नुसती मान हलवायची होती हो! पण हाताला तीस वर्षांची सवय. "इथे नाही, साहेब," म्हणत बाबा पावलं मोजत निघाले आणि दोन घरांच्या मधोमध पहार मारली. हातभर खाली कोळसा निघाला. बाबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आत्या सगळ्यांसाठी चहा घेऊन उभी होती.

"कागदावरची रेघ गं ती," बाबा तिला म्हणाले. "आपण काय, जाऊ-येऊ."

"दादा, गप्प बसला असतास तर तुझं काय गेलं असतं रे?"

दोन वर्षांत कुंपण झालं. पलीकडे जायला परवाना, त्यासाठी आठ दिवस आणि लांबच्या फाटकातून वळसा. कुंपणापाशी उभं राहून बोलायलाही मनाई. आत्या परसात कपडे वाळत घालायची आणि बाबा खिडकीतून बघत बसायचे. "बघा आता तुमचा कोळसा!" मी चिडून म्हणायचे. तसं बोलायला नको होतं मी.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही अर्ज केला. कारण लिहिलं, आजारी बहिणीची भेट. सहाव्या दिवशी तिच्या दारात माणसं जमली. तिला खांद्यावरून नेताना आम्ही खिडकीतून पाहिलं.

आठव्या दिवशी बाबा तरीही कचेरीत गेले, मी सोबत होते. निदान तिच्या घरात जाऊन बसायचं होतं त्यांना. आमच्या पुढच्या माणसाचा भाऊ वारला होता. कारकुनानं त्याचा परवाना रद्द केला. कारण बदललं, नवा अर्ज, परत आठ दिवस.

मग आमचा नंबर आला. "बहीण कशी आहे?" कारकुनानं विचारलं.

बाबांनी खिडकीची कड घट्ट धरली.

"बरी आहे, साहेब. माझी वाट बघतेय."

शिक्का बसला. बाहेर येताच बाबा पायरीवर मटकन बसले.

"जमलं की गं मला," ते म्हणाले आणि हुंदके देऊन रडायला लागले.