दापोड्यात न सापडलेलं गाव

पडघ्याच्या बाजारात मी वांगी निवडत होतो तेव्हा मंदावहिनींचा फोन आला. "भावोजी, सर गेले." नवऱ्याला त्याही 'सर'च म्हणायच्या. आमच्याकडे निम्म्या लोकांना भोईर सरांनी भूगोल शिकवलाय, त्यामुळे घरीदारी तेच नाव. मी हातातली वांगी पुन्हा टोपलीत ठेवली आणि मनात पहिलं काय आलं तर, रविवारी टेकाडावर आता कोण जाणार... त्या फोनला आता दीड महिना होईल.

सर आणि मी भिवंडीच्या एकाच शाळेत. ते भूगोलाचे, मी चित्रकलेचा. शाळेत ते मुलांना आजचा तालुका शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी दोन हजार वर्षांपूर्वीचा शोधायचे. एका जुन्या ग्रीक भूगोलकाराने आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची यादी करून ठेवली आहे, अक्षांश-रेखांशांसकट. खलाशी-व्यापाऱ्यांकडून ऐकलं ते त्याने लिहिलं. त्यातली काही गावं ओळखता आली, बरीचशी हरवली, आणि हरवलेल्यांपैकी एक आपल्या खाडीकाठी असलं पाहिजे अशी सरांची खात्री होती. त्यांच्या सांगण्यावरून मी त्या आकड्यांचा नकाशा काढला, तर सगळा किनारा आडवा पडला आणि सरांचं गाव थेट समुद्रात गेलं. मी पोट धरून हसलो. ते शांतपणे म्हणाले, "म्हात्रे, आकडे सोडा. एसटीच्या कंडक्टरचं अंतर चुकेल, थांब्यांचा क्रम चुकायचा नाही. क्रम धरा." मग तीस वर्षं आम्ही क्रम धरून चाललो. ओहोटीला खाडीच्या कडेने, नांगरट झाली की शेतांतून, माना खाली घालून, जुनी खापरं वेचत. लोक विचारायचे, "सर, काय हरवलंय?" सर म्हणायचे, "गाव."

आणि एक दिवस ते सापडलं. दापोड्याला एका नव्या गोडाऊनच्या पायासाठी खड्डे घेतले होते, त्या मातीत तांबडी चकचकीत खापरं, रांजणांचे काठ, एक मातीचा मणी. जागा क्रमात नेमकी बसत होती. शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, मी भिंतभर नकाशा काढून दापोड्याभोवती लाल गोल रंगवला. ज्यांनी आयुष्यभर सरांची टिंगल केली तेच शाल-श्रीफळ घेऊन आले. मला तर गगन ठेंगणं झालं होतं. आठवड्याने आम्ही तिथल्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा शेजारी उभा असलेला डंपरवाला, अन्वर, संकोचत म्हणाला, "मास्टरजी, ये मिट्टी यहाँ की नहीं है. मैंने ही डाली है. पहले पूरा खड्डा था."

आमच्या तालुक्यात बाहेरून माती आणून भरणी केल्याशिवाय गोडाऊन उभं राहत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. जन्म इथे काढलेले आम्ही दोघे मास्तर आनंदाच्या भरात नेमकं तेच विसरलो होतो. परतताना मी म्हटलं, "सर, गप्प बसा. कोण तपासायला येणार आहे?" ते वाक्य आठवलं की अजून शरम वाटते. सर चालायचे थांबले. "त्या ग्रीकाने ऐकीव लिहिलं, त्याचा नाइलाज होता. मला माहीत असून मी त्याच्या नकाशात खोटं गाव घालू?" त्यांनी त्याच हॉलमध्ये पुन्हा लोकांना बोलावलं, "मी चुकलो" म्हणून सांगितलं आणि सगळ्यांसमोर मला तो लाल गोल पांढऱ्या रंगाने पुसायला लावला. जेमतेम दहा-बारा जण आले होते. मी पुसला, पण मनातून सरांवर चिडलो होतो.

सर मात्र, त्या दहा-बारा जणांत आलेल्या अन्वरजवळ जाऊन बसले होते. माती उचलली कुठून, एवढंच विचारत होते. पुढच्या रविवारी आम्ही तिघे डंपरच्या केबिनमध्ये बसून शेलार गावाच्या पलीकडे गेलो. खाडीचा कोरडा पडलेला जुना फाटा, त्याच्या काठी एक टेकाड, निम्मं खणून नेलेलं. कापलेल्या कडेत विटांच्या ओळी, राखेचा थर, आणि तीच तांबडी खापरं, आपापल्या जागी. सरांनी त्या मातीवर तळवा ठेवला आणि ते रडले. मलाही आवरलं नाही. "हेच ते, असं मन म्हणतंय," ते म्हणाले, "पण मनाला कोण विचारतो? इथे गाव होतं, एवढं नक्की."

टेकाडाचा मालक बाळाराम त्यांचाच विद्यार्थी निघाला. सरांनी माती उचलणं थांबवायला सांगितल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, तुमी सांगताय तं न्हाय उचलत. पन लवकर करा, गिऱ्हाईक दारात हाय." सरांनी पुरातत्त्व खात्याचा अर्ज आणला. दर रविवारी टेकाडावर जाऊन मापं घ्यायचे, घरी येऊन एकेक रकाना भरायचे. आणि एका सकाळी हृदयविकाराचा झटका आला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला त्यांच्या खोलीत नेलं. टेबलावर तो अर्ज होता, त्यांच्या उभट अक्षरात भरलेला. खाली सहीसुद्धा केलेली. 'जागा प्रथम कोणी दाखवली' या रकान्यात लिहिलं होतं: अन्वर, डंपरचालक. फक्त 'प्राचीन नाव' कोरं होतं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही लिहा ना, भावोजी. जन्मभर तेच शोधत होते. निदान कागदावर तरी सापडू दे त्यांना."

मी पेन उघडलं. ते नाव मला झोपेतही पाठ आहे. खरं सांगतो, लिहायची फार इच्छा झाली. आपल्या माणसाला शेवटचं एवढंही देऊ नये का... पण सही करून झाल्यावरही सरांनी ती जागा तशीच ठेवली होती. "वहिनी," मी म्हटलं, "ते विसरलेले नाहीत." त्यांनी त्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं. "मग राहू दे," म्हणाल्या.

अर्ज तसाच पोस्टात टाकला आणि टेकाडाला हात लावू नकोस म्हणून बाळारामला फोन केला. अर्जाची झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे. तीस वर्षं मी सरांसाठी एवढे नकाशे रंगवले, पण सर मला दिसतात ते त्या कोऱ्या रकान्यात.