पाणक्या रस्ता सोडून गेला तो दिवस

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगू का मंडळी, वाचून झाले की हसते. राग मानू नका. माहेर माझं मालवणच्या बाजूचं. तिथे दर झाडाला एकेक राखणदार वाटून दिलेला. आमची काकी चिंचेखालून जाताना पदर डोक्यावर घेऊन तोंडाने देवाचं नाव घ्यायची, आणि मी त्याच चिंचेवर चढून चिंचा खायची. कधी काही दिसलं नाही, कुणी काही केलं नाही. दात आंबले तेवढंच. तर अशी मी बाई... मी इथे लिहायला बसलेय म्हणजे काहीतरी झालं असेल ना?

शाळा माझी सातवीपर्यंत. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. मुलीला म्हटलं वाचून बघ, तर म्हणाली, "आई, तुझं तूच लिही, मला त्यात ओढू नकोस." का ते पुढे कळेलच.

आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला, हायवेच्या अलीकडे. सोसायटी जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. घरात दोघंच — मी आणि हे. हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगी वैशाली लग्न होऊन अंधेरीला, ऑफिस वांद्र्याला. ह्यांना गेली काही वर्षं विसरण्याचा आजार आहे. आधी चष्मा विसरायचे, मग रस्ते, मग माणसं. मला कधी ओळखतात, कधी विचारतात, "बाई, तुमी खंय रवतास?" मी पण सांगते, "ह्याच खोलीत हो, तुमच्याच शेजारी." मग दोघं हसतो. रडून काय करायचं?

आता गेमचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. पूर्वी मी लग्नातल्या रुखवताच्या ऑर्डरी घ्यायची. पुठ्ठ्याचं कौलारू घर, साखरेचं तुळशीवृंदावन, काड्यांची विहीर आणि तिला फिरणारा रहाट... बायका हात लावून बघायच्या. मग बोटं आखडली, ते बंद झालं. मी घरात नुसती चिडचिड करायला लागले तेव्हा वैशालीने तिच्या कॉलेजच्या वेळचा एक जुना गेम कॉम्प्युटरवर टाकून दिला. म्हणाली, "घे, हे तुझं न संपणारं रुखवत."

हजारो वर्षांपूर्वीचा इजिप्त. मधून नदी, बाजूला वाळवंट. नदीला पूर येतो, ओसरला की गाळात पेरायचं. धान्याचं कोठार, कुंभारवाडा, देऊळ, वैदू — सगळं आपण बसवायचं. लोक आपोआप राहायला येतात. त्यांना हवं ते मिळालं की झोपडीचं घर होतं, घराचं माडीचं घर होतं. नाही मिळालं की गाठोडं उचलून चालते होतात, आपल्याला विचारत पण नाहीत. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं बघून सगळं जमलं. वैशालीपेक्षा माझं शहर देखणं झालं, हे तीसुद्धा कबूल करते.

त्यात पाण्याची सोय अशी — पाणपोई बांधायची. तिच्यातून एक माणूस निघतो, खांद्यावर कावड, दोन्हीकडे मडकी. मी त्याला पाणक्या म्हणते. तो ज्या दारावरून जाईल त्या घराला पाणी मिळालं. फेरी मारून परत पाणपोईत. आणि तो रस्ता सोडून पाऊलभर जात नाही. वैशालीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "आई, चौक करू नकोस. चौक आला की हा बावळट भलत्याच गल्लीत जातो, पण जातो रस्त्यावरूनच. रस्त्याबाहेर त्याला जाताच येत नाही, तसं बनवलेलंच नाहीये." म्हणून मी एकच गोल रस्ता केलेला. एक पाणपोई, एक पाणक्या.

आणि ह्यांचं पाणी... दुखणं वाढल्यावर ह्यांनी पाणी प्यायचं सोडलं. तहान लागते हेच विसरले. ग्लास नेला की ओठ घट्ट. दोनदा सलाइन लावायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, बाकी काही नाही जमलं तरी चालेल, पाणी पोटात गेलंच पाहिजे. पुढच्या वेळी किडनीवर येईल." मी विनवायची, रागवायची, चमच्याने पाजायची. सगळं अंगावर सांडायचं.

एक दिवस मी गेम खेळत होते, हे शेजारच्या खुर्चीत. पाणक्या निघाला आणि एका घराच्या दाराशी पोचला, तसे हे एकदम म्हणाले, "इलो!" आला म्हणून. मी पटकन ग्लास पुढे केला. प्यायले! घटाघटा! तेव्हापासून तीच युक्ती. पाणक्या दाराशी आला की "इलो" आणि ग्लास. मी सकाळी उठल्या उठल्या गेम लावून ठेवायची. लोकांकडे टीव्ही चालू असतो, आमच्याकडे इजिप्त.

तर तो दिवस. ऑक्टोबरचं ऊन, सकाळीच फरशी तापलेली. ह्यांना खुर्चीत बसवलं, गेम लावला, पण त्या दिवशी "इलो" काही येईना. ग्लास तसाच भरलेला. म्हटलं, आंघोळ करून येते मग बघू. भांडी घासणारी मावशी काम आटपून दार ओढून गेली. लॅच कधीकधी लागत नाही आमचं.

आंघोळ करून आले, केस पुसत होते, आणि आधी नजर गेली ती पडद्यावर. माझ्या शहराची वाट लागलेली! माडीची घरं झोपड्या झालेली, लोक गाठोडी घेऊन निघालेले. मी माऊस घेऊन पाणपोई बघितली — कामाला माणसं पुरेशी, काही बिघाड नाही. पण रस्त्यावर पाणक्याच नाही. अख्खा गोल फिरवून बघितला. मी म्हटलं, "अहो, तुमचा पाणक्या कुठे गेला?" आणि खुर्चीकडे वळले.

खुर्ची रिकामी. दार अर्धं उघडं.

पुढचं कसं सांगू... हात धरल्याशिवाय हे एक जिना उतरत नाहीत, आणि तीन मजले उतरून गेले. खालचे सावंत भाऊजी स्कूटर घेऊन निघाले, सोसायटीतल्या बायका चारी बाजूंना गेल्या, मी पोलीस स्टेशनला फोटो घेऊन. वैशालीचा फोन आला, ती वांद्र्याहून निघालेली. रागावली नाही, एकच विचारलं.

"आई, बाबा सकाळपासून पाणी प्यायलेत?"

"नाही गं."

मग नुसतं, "येतेय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला, अनोळखी नंबर. "मावशी, तुमच्या घरातले कोणी म्हातारे बाबा आहेत का? शर्टाच्या खिशावर नंबर शिवलाय." दोऱ्याने मीच शिवलेला, ह्यांच्या सगळ्या शर्टांवर. हायवेपलीकडच्या मिठागरावरून तिथला वॉचमन बोलत होता. हायवेपलीकडे! धडधाकट माणूस तिथे जीव मुठीत धरून ओलांडतो.

वैशाली तेवढ्यात पोचली, आम्ही दोघी रिक्षाने गेलो. वॉचमनच्या पत्र्याच्या शेडच्या सावलीत हे भिंतीला टेकून बसलेले. चेहरा शांत. शर्ट पुढून चिंब ओला, मिशा ओल्या. ओठ बघितले आधी — ओलसर, छान. मी तिथेच बसले खाली.

वैशाली त्या माणसाचे हात धरून म्हणाली, "दादा, तुम्ही आणलंत ह्यांना, पाणी दिलंत, तुमचे उपकार..."

"मी नाय आणलं, ताई. तो कावडवाला आणून बसवून गेला."

"कोण कावडवाला?" मी विचारलं.

"कमरेला पांढरं फडकं, वर उघडाच. खांद्यावर कावड, दोन मडकी. मला वाटलं शूटिंगमधला असेल. येतात ना इथे, राजाबिजा बनून."

"आज शूटिंग आहे?" वैशाली.

"आज कुठलं? आज मी आणि कुत्रा, दोघंच."

"काही बोलला?"

"एक शब्द नाय. बाबांना हाताला धरून सावलीत बसवलं, मडकं तोंडाला लावलं. बाबा असे प्यायले... मी म्हटलं, थांबव रे, ठसका लागेल. मग त्याने ह्यांच्या खिशावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी वाकून बघितलं तर नंबर. फोन काढेपर्यंत हा बांधावरून खाडीच्या अंगाला चाललेला. मी हाक मारली, अरे तिकडे रस्ता नाय! पण गेलाच."

मी वैशालीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघेना.

रिक्षात मात्र बोलायला लागली. "आई, ते रोपं विकणारे असतात ना कावडवाले, त्यातला असेल."

"मग रोपं कुठे होती?"

"विकली गेली असतील!"

"आणि मडक्यात पाणी?"

"रोपांना नको का पाणी? आई, प्लीज. तो कोणी का असेना, आज होता म्हणून बाबा आहेत. उद्या नसेल. अशा आजाराच्या माणसांना ठेवून घेतात त्या बोरिवलीच्या केंद्रात मी बोलून ठेवलंय, जागा आहे. आता बास झालं."

"मी ह्यांना तिथे ठेवणार नाही."

"तुझ्याने होत नाहीये, आई!"

"तिथे ह्यांना पाणी कोण पाजेल? कसं पाजतील?" यावर ती रुमालाने ह्यांच्या ओल्या मिशा पुसायला लागली. मलाही माझ्या बोलण्याचा भरवसा वाटत नव्हता. सकाळी माझ्या घरातच ते पाण्यावाचून निघून गेले होते ना. हे आमच्या दोघींच्या मध्ये, माझा हात धरून, झोपलेले.

घरी आलो. ह्यांना आडवं केलं. कॉम्प्युटर सकाळपासून तसाच चालू. अर्धं शहर ओस पडलेलं. वैशाली बंद करायला गेली आणि माऊस हातात धरून तशीच थांबली.

"आई... इकडे ये."

पडद्याच्या पार कडेला, जिथे मी काही म्हणजे काहीच बांधलेलं नाही, नुसती वाळू, तिथून पाणक्या येत होता. कावड घेऊन, वाळूतून, सरळ. पायाखाली रस्ता नाही.

"हे होत नाही," वैशाली म्हणाली. "ह्याला इथे येताच येत नाही."

"मग कसा आला?"

"बग असेल... जुना गेम आहे." पण आवाज असा, की ती स्वतःलाच सांगत होती.

त्या गेममध्ये माणसावर क्लिक केलं की तो त्याचं एक वाक्य बोलतो. शहराची जशी अवस्था तसं बोलतो — काम नाही, देव कोपलाय, भूक लागली असं काहीबाही. तिने क्लिक केलं. तो बोलला. मी विचारलं, काय म्हणाला गं? तिने परत क्लिक केलं, परत तेच. मग हळूच सांगितलं, "म्हणतोय, माझ्या वाटेवर आता कुणी तहानलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे वाक्य सगळ्यांना पाणी पोचलेलं असतं तेव्हा येतं, आई. इथे तर सगळी घरं कोरडी आहेत."

पाणक्या चालत चालत गोल रस्त्यावर चढला, पाणपोईत शिरला. थोड्या वेळाने परत निघाला आणि नेहमीसारखा दारोदार फिरायला लागला. जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी वैशाली सुताराला घेऊन आली, दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली. दिवसभरासाठी एक बाई बघून दिली. केंद्राचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. अजून काढलेला नाही. गेमबद्दल बोलायला गेले की "आई, सोड ना" म्हणते आणि चहा ठेवायला उठते. पण परवा ती जायला निघाली तेव्हा बघितलं मी, पडद्यासमोर उभी राहिली होती, पाणक्या परत येईपर्यंत.

मी पुन्हा मिठागरावर जाऊन आले. वॉचमन तेच सांगतो, कमी नाही, जास्त नाही. तो कावडवाला आधी कधी दिसला नव्हता, नंतर दिसला नाही. हे तीन मजले कसे उतरले, हायवे कसा ओलांडला, कुणी बघितलं नाही. गेम बिघडला म्हणावं तर त्यानंतर एकदाही बिघडला नाही. आणि दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही म्हणावं, तर... म्हणून बघते मी रोज. जमत नाही.

मध्यंतरी एका दुपारी ह्यांचं डोकं जरा ताळ्यावर होतं. मला ओळखलं, जेवण चांगलं झालं म्हणाले. मी संधी साधली.

"अहो, त्या दिवशी मिठागरावर तुम्हाला पाणी कुणी पाजलं?"

हे माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही विसरण्याचा आजार मलाच झालाय.

"तियाच धाडलंस मा गो तेका!"

तूच तर पाठवलंस ना त्याला, असं.

"मी? मी कधी हो?"

पण तोवर नजर पडद्याकडे गेलेली. पाणक्या कुठल्यातरी दाराशी पोचला होता. "इलो," म्हणाले, आणि ग्लासासाठी हात पुढे केला.

मी कुणालाच पाठवलं नव्हतं, मंडळी. मी आंघोळ करत होते. तेवढं मला पक्कं माहीत आहे, बाकी काहीच कळत नाही. त्याचे आभार मानायचे राहिलेत, आणि ते कुठे जाऊन मानायचे, हेही कळत नाही.