पत्रिकेवरचं अक्षर

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल असते, टोक केलेली. नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्यात मी ड्रॉइंगचं काम करतो, तिथल्या पोरांना ती चांगली ठाऊक आहे, कारण तिच्यावरून मी त्यांना भरपूर ऐकवलंय. "तुमचं काय, बटण दाबलं की रेघ! आम्ही टू-एचने रेघ मारायचो आणि एचबीने अक्षर काढायचो. रेघ मारताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेघ एकसारखी येते." पोरं मान डोलावतात. साहेबाचं वय झालं की तो पेन्सिलीवर बोलतो, हे त्यांनी मान्य केलेलं आहे.

आता खरं सांगतो. ही पेन्सिल कित्येक वर्षांत लहान झालेली नाही. की-बोर्डच्या फटींतला कचरा काढणं, कॉलरच्या आतून पाठ खाजवणं, आणि एकदा चहात पडलेली माशी बाहेर काढणं, एवढीच तिची कामगिरी. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा शिकायला सगळ्यांत आधी मीच धावलो होतो. ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेला त्या दिवशी मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. कंबरदुखी थांबेल म्हणून उलट बरंच वाटलं. वाईट वाटायला लागलं ते पुढे, ऐकून घेणारं कोणी मिळाल्यावर.

अक्षर मात्र एकेकाळी खरंच चांगलं होतं. दोन बारीक रेघा आखायच्या आणि त्यांच्यामधे अक्षरं बसवायची, एकानेही डोकं वर काढायचं नाही. नवीन लग्न झालं तेव्हा मी कधीकधी ड्रॉइंग घरी आणायचो. बायको शेजारी बसून बघायची. घरातल्या मसाल्याच्या डब्यांवर तिने तशाच रेघा आखून नावं घातली. मला तेव्हा गंमत वाटली होती. नातेवाइकांत बोलबाला झाला तो माझ्या अक्षराचा. कोणाचंही लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला मी.

थोरली बहीण सिन्नरला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. मी म्हटलं, "ताई, हल्ली मोबाइलवर पाठवतात." ती म्हणाली, "मोबाइलवर पाठवलेल्या पत्रिकेला लोक अंगठा दाखवतात आणि घरी बसतात. तू लिही."

लिहायला बसलो. 'श्री.' बरा आला. पुढे आडनाव उतरणीला लागलं आणि 'सहपरिवार' तर पाकिटाच्या कडेवरून खाली पडायच्या बेतात. चारपाच पाकिटं वाया गेल्यावर बायको पदराला हात पुसत आली. ती नामपूरकडची. एरवी आमच्यासारखंच बोलते, पण चेष्टेला आली की अहिराणीवर जाते. पाकीट उचलून म्हणाली, "हाई काय शे?"

मी म्हटलं, "सवय गेलीय."

"सवय गेली की हात गेला? सरका."

पुढचे काही दिवस दुपारी कामं आवरल्यावर तिने सगळ्या पत्रिका लिहिल्या. आधी पेन्सिलीने बारीक रेघा, मग शाईने नावं, शाई वाळली की रेघा खोडरबराने साफ. मी शेजारी बसून कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. तेही एकदा सांडलं.

आठवड्याने ताईचा फोन आला. स्पीकर चालू होता. "अरे, काय अक्षर! माझ्या सासरच्या आत्याबाईंनी पाकीट टाकलं नाही, देवघरात ठेवलंय. म्हणाल्या, तुझ्या भावाचा हात अजून तसाच आहे."

बायको भाकरी थापत होती. मी म्हणालो, "हं."

एवढंच. खोटं बोललो असतो तर निदान काही बोललो असं तरी झालं असतं. मी आयुष्यभर असाच, गैरसोयीचं काही आलं की 'हं' म्हणणारा.

मग घरात सुरू झालं. "अहो, दूधवाल्याला चिठ्ठी लिहायचीय, तुमच्या हातची द्या, तोही देवघरात ठेवील." मी हसायचो. ताईने मग फोन करून आणखी कोणाकोणाकडून आलेलं कौतुक कळवलं, मी आणखी 'हं' केलं. तिसऱ्या फोननंतर मात्र बायकोने तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. चेष्टा बंद झाली तेव्हा मला कळलं की ही चेष्टा नव्हती. मी तिचं काहीतरी खिशात घातलं होतं आणि ते परत मागायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सिन्नरला पोचलो. हॉलवर रुखवत मांडणं चाललं होतं. अनारसे, करंज्या, चिरोटे, विणलेले रुमाल. ताईने कोऱ्या चिठ्ठ्या आणि स्केचपेन माझ्यापुढे ठेवलं. "प्रत्येक ताटापुढे नाव पाहिजे. मुलाकडच्यांना कळू दे, आमच्याकडे काय हात आहे ते."

भोवती सगळ्या बायका. माझी बायको चिरोट्यांच्या ताटामागे, हाताची घडी घालून.

मी रेघा आखायला लागलो. बराच वेळ आखत होतो. एक मावशी म्हणाल्या, "दादा, रेघा छान आल्यात. आता नाव कधी?" शेवटी 'करंज्या' लिहिलं. शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत गेला असावा, तसं दिसत होतं.

कोणी हसलं नाही. तेच वाईट. ताई घाईने म्हणाली, "चष्मा बदलायला झालाय याचा. आणि एवढ्या प्रवासाने हात थरथरतो." नाशिकहून सिन्नरपर्यंतचा तासाभराचा प्रवास! पण निघून जायला दार उघडं होतं. नुसतं 'हं' म्हणायचं होतं.

"ताई," मी म्हणालो, "पत्रिका मी नाही लिहिल्या. हिने लिहिल्या. सगळ्या."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, मग मी फोनवर एवढं कौतुक करत होते तेव्हा तू काय करत होतीस?"

"भाकरी."

आता मात्र सगळ्या हसल्या. ताईने तिथेच आत्याबाईंना फोन लावला आणि देवघरातलं पाकीट कोणाचं ते सांगितलं. मग स्केचपेन माझ्या हातून काढून भावजयीला दिलं. माझी चिठ्ठी फाडायला गेली, तर बायकोने तिचा हात धरला. "राहू द्या, ताई. त्यांनी मेहनत घेतलीय." उरलेल्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या. मी कागद कापून देत होतो.

दुसऱ्या दिवशी मुलाकडच्या एक काकू रुखवतापुढे थांबल्या. "अक्षर कोणाचं हो? फार सुंदर!"

या वेळी मी वेळ घालवला नाही. "हिचं," म्हणालो. "सगळं हिचंच."

"सगळं नाही हं," बायको चटकन म्हणाली. "करंज्या यांच्या."